पुस्तकाची पारख

— तृतीय वर्ष, कला (अर्थशास्त्र)

परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्याला अभ्यास आठवतो, हे आपण सारेच जाणतो. परंतु अभ्यासाच्याही आधी एक परीक्षा असते आणि ती कोणतेच विद्यापीठ घेत नाही. ती म्हणजे पुस्तक निवडण्याची! बी. ए.च्या वर्गात ही अडचण फारशी भासत नाही. सर संदर्भग्रंथांची नावे फळ्यावर लिहून देतात, ग्रंथपाल कपाट दाखवतात आणि उरलेले काम मागच्या वर्षीच्या ताईंच्या वह्या करतात. पण मी संगणकाच्या प्रोग्रॅमिंगची प्रमाणपत्र परीक्षा द्यायचे ठरवले, तेव्हा माझ्यापुढे ना फळा होता ना कुणा ताईंची वही.

'कला शाखेची मुलगी आणि कॉम्प्युटरची परीक्षा?' असा प्रश्न मैत्रिणींनी विचारला. त्याचे उत्तर आपल्या उरणातच आहे. माझे आजोबा मिठागरात राबले. आमची भातशेती बंदरासाठी गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्यावर जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी आंदोलन झाले, त्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या दिवसांच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. माझे बाबा पुढे एका कंटेनर यार्डात लागले आणि हातात पाटी-पेन घेऊन कंटेनरचे नंबर उतरवू लागले. २०१६ पासून या बंदरातल्या कंटेनरवर रेडिओलहरींनी वाचता येणारी खूणपट्टी लावण्याची पद्धत आली. कंटेनर कुठे आहे ते संगणक आपोआप सांगू लागला. बाबा एकदा जेवताना म्हणाले, "नंबर लिहिणारा माणूस आता कमी लागणार. नंबर वाचणाऱ्या मशीनला शिकवणारा माणूस लागणार." त्यानंतर मला वेगळे कारण शोधावे लागले नाही.

मी परीक्षा निवडली ती 'नायलिट' या केंद्र सरकारच्या संस्थेची 'ओ लेव्हल'. पूर्वी या संस्थेला 'डोएक' म्हणत. बारावी झालेल्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला ती देता येते. चार पेपर, प्रात्यक्षिक आणि एक प्रकल्प असा तिचा पसारा असून त्यातला तिसरा पेपर प्रोग्रॅमिंगचा आहे. परीक्षेची फी आणि पुस्तके यांसाठी बाबांनी ओव्हरटाइमचे पैसे बाजूला काढून दिले. ते पैसे हातात आल्यावर पुस्तक घेणे ही साधी खरेदी राहिली नाही.

सल्ला देणाऱ्यांना मात्र तोटा नव्हता. एकाने सांगितले, वर्ग लाव. दुसऱ्याने सांगितले, अपेक्षित प्रश्नसंच पाठ कर, बाकी काही लागत नाही. एका नातेवाईक दादाने तर स्वतःची जुनी पुस्तके पिशवीभरून आणून दिली. फुकटचे पुस्तक कोणाला नको असते? पण मी आधी परीक्षेचा छापील अभ्यासक्रम मिळवला. तो संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तो पुढ्यात ठेवून एकेका पुस्तकाची अनुक्रमणिका तपासली आणि पहिलाच उलगडा झाला. दादाची पुस्तके चौथ्या आवृत्तीच्या अभ्यासक्रमाची होती. त्या वेळी तिसरा पेपर 'सी' या भाषेचा असे. पाचव्या आवृत्तीत त्या जागी 'पायथन' आली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक त्या पिशवीत होते. देशभरातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्यावरून 'सी' शिकून घेतली. पुस्तक उत्तम, पण माझ्या पेपराचे नव्हे. चांगले पुस्तक आणि आपल्या कामाचे पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले.

मग जुनी पुस्तके पाहण्यासाठी मी मुंबई गाठली. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँचने जायचे तर भरती-ओहोटी पाहावी लागते. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आल्यापासून नेरूळला गाडी बदलली की थेट बोरीबंदर. फाउंटनच्या फुटपाथवर पायथनची पुस्तके चाळताना मी तीन कसोट्या लावल्या. माझ्यामागून येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या इथे देते.

पहिली कसोटी आवृत्तीची. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात आली आणि दुसरीचा आधार १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. पण दुसरीवर लिहिलेली पुस्तके रद्दीत थोडीच जातात! ती ओळखायची खूण सोपी आहे. नव्या आवृत्तीत 'प्रिंट' या आज्ञेनंतर कंस लागतोच, जुनीत तो नसला तरी चाले. जुनी आवृत्ती ५ ला २ ने भागले की उत्तर २ देई, नवी २.५ देते. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत अशा एका फरकाने उत्तर चुकते.

दुसरी कसोटी छपाईची. पायथनमध्ये ओळीच्या डावीकडे सोडलेल्या जागेला अर्थ असतो. कोणत्या ओळी कोणत्या अटीखाली येतात ते त्या मोकळ्या जागेवरून ठरते. मराठीच्या पेपरात समास सोडला नाही तर फार तर सर रागावतात, इथे प्रोग्रॅमच चालत नाही. काही स्वस्त गाइडांत सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटवून छापलेल्या दिसल्या. ज्या प्रकाशकाने छापण्यापूर्वी प्रोग्रॅम चालवून पाहिला नसेल, त्याच्या पुस्तकावर विद्यार्थ्याने का विश्वास ठेवावा?

तिसरी कसोटी भाषेची. आपल्यापैकी बरेचजण मराठी माध्यमातले. म्हणून मी प्रत्येक पुस्तकाचे एक पान तिथेच उभे राहून वाचले आणि पुस्तक मिटून त्याचा अर्थ मनातल्या मनात मराठीत सांगून पाहिला. सांगता आला तर पुस्तक ठेवायचे, नाहीतर परत करायचे. या कसोटीत भारदस्त ग्रंथ पडले आणि एक साधे, पातळ पुस्तक टिकले. त्यात 'नमपाय'चा भाग नव्हता आणि अभ्यासक्रमात तो आहे. ती उणीव इतर साधनांनी भरून काढली. ॲलन डाउनी यांचे 'थिंक पायथन' लेखकाने इंटरनेटवर मोफत ठेवले आहे. मुंबईच्या आय. आय. टी.चा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम संगणकाचे छोटे छोटे पाठ मराठीतूनही ऐकवतो. पाठ ऐकायचा, थांबवायचा आणि ऐकले ते स्वतः करून पाहायचे अशी त्याची रीत. आवृत्तीची कसोटी मात्र तिथेही लावावी.

राहिला प्रश्नसंच. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने दुसऱ्याच एका परीक्षेसाठी केवळ प्रश्नसंच घोकले. तो पासही झाला. पुढे मुलाखतीत त्याला १ ते १०० मधल्या सम संख्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहायला सांगितला. कामाच्या त्या चार ओळी त्याच्या हातून उतरल्या नाहीत. प्रमाणपत्र टेबलावर आणि नोकरी दाराबाहेर! त्याला हसावे असे मला वाटले नाही. घरी घाई असली, पैसे थोडे असले की माणूस जवळची वाट धरतो. मी प्रश्नसंच घेतला तो शेवटच्या महिन्यासाठी, घड्याळ लावून वेळेचा अंदाज घेण्यापुरता. तोवर धडा वाचायचा, उदाहरण हाताने टंकायचे, त्यातला एक आकडा बदलून काय होते ते पाहायचे आणि मगच पान उलटायचे, असा नेम ठेवला. कॉलेजच्या संगणक कक्षातला एक तास आणि घरी रात्री दादाचा जुना लॅपटॉप एवढ्यावर तो निभावला.

हे सारे करताना अर्थशास्त्राच्या वर्गात शिकलेली एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती. साधने मर्यादित असतात आणि त्यांचे उपयोग अनेक, म्हणून निवड करावी लागते. तेव्हा ती व्याख्या मी पाच गुणांसाठी पाठ केली होती. बाबांच्या ओव्हरटाइमचे पैसे मुठीत धरून फुटपाथवर उभी राहिले, तेव्हा ती समजली. कोणती जमीन जायची, ती कोणत्या भावाने जायची, हे माझ्या आजोबांना कोणी विचारले नव्हते. यंत्र आणायचे की नाही, हे बाबांना विचारले नाही. मी काय वाचावे एवढे मात्र मला ठरवता येते. निकाल लागायचा तेव्हा लागेल. पुस्तक टेबलावर आहे, त्याच्या कडा मळल्या आहेत आणि शेवटच्या धड्यापर्यंत पेन्सिलीच्या खुणा पोचल्या आहेत.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणाला ही परीक्षा द्यायची असेल तर ते पुस्तक माझ्याकडून खुशाल घेऊन जा. फक्त आधी तेव्हाचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून अनुक्रमणिका तपासा. तो बदललेला असला, तर माझेही पुस्तक निःसंकोच परत करा.