दिवे घाट, ताडपत्री आणि तांब्याभर पाणी

परवा पुतणीचा फोन आला. माळा आवरताना तिला एक जुनी ताडपत्री सापडली. कोपऱ्यांना पितळी कड्या आहेत, एका बाजूला जळल्याचा डाग आहे. "काका, टाकून देऊ का?" मी म्हटलं, "थांब, घाई करू नकोस." आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो.

माझा धाकटा भाऊ जाऊन आता वर्ष होईल. ही ताडपत्री म्हणजे आमचा तंबू. आमच्या सायकल सहलीच्या गोष्टी घरातल्या सगळ्यांना पाठ आहेत. तंबू मध्यरात्री अंगावर कसा कोसळला, स्टोव्हची पिन कशी हरवली, वगैरे. प्रत्येक लग्नकार्यात त्या निघतात. पण पहिल्या दिवसाची दुपार मात्र आम्ही दोघांनीही कधी कोणाला सांगितली नाही. ती आज लिहितो.

साल १९७२, दिवाळीची सुट्टी. मी एकवीस वर्षांचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. धाकटा अठराचा. बेत असा की पालखीच्या वाटेने पुण्याहून पंढरपूरला सायकलवर जायचं, वाटेत तंबू ठोकून राहायचं आणि हाताने रांधून खायचं. पहिला मुक्काम जेजुरी. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलं. मला ते अगदीच किरकोळ वाटलं होतं.

माझी हर्क्युलिस, त्याची मामाकडून मागून आणलेली अ‍ॅटलस. गिअर वगैरे तेव्हा कोणाला ठाऊक होते? जुन्या बाजारातून ताडपत्री आणि लष्करी पाण्याची एक बाटली घेतली. तांदूळ, डाळ, पोहे, गूळ, आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, रॉकेलचा स्टोव्ह, दोन घोंगड्या, पंप, पंक्चरचं सामान. सगळं जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी कॅरिअरवर आवळलं.

सामानाची वाटणी मी केली. वजन अगदी निम्मं-निम्मं. फक्त ताडपत्री, काठ्या आणि स्टोव्ह त्याच्याकडे, शिधा माझ्याकडे. शिधा रोज कमी होत जातो, ताडपत्री होत नाही, हे गणित मी त्याला सांगितलं नाही!

हडपसर सुटेपर्यंत मजेत होतो. दिवे घाट लागला आणि मजा संपली. मागे वजन जास्त झालं की चढावर पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात राहत नाही. शेवटी उतरलो. दोघांनी मिळून आधी एक सायकल वळणापर्यंत ढकलायची, तिथे दगडाला टेकवून ठेवायची, मग खाली येऊन दुसरी न्यायची. म्हणजे घाट आम्ही दोनदा चढलो म्हणायचं. खाली मस्तानी तलाव होता, पण तो बघायला डोळ्यांतला घाम पुसायला हात मोकळा हवा ना! बाटलीतलं पाणी घाटातच संपलं.

सासवडला संगमेश्वराच्या देवळापाशी दशम्या खाल्ल्या. कऱ्हेच्या पात्रात नुसते दगड. हॉटेलात चहा घेतला, पण बाटली भरून घ्यायचं लक्षातच आलं नाही. पुण्यात नळ सोडला की पाणी येई. पाणी ही बरोबर न्यायची वस्तू आहे, हे डोक्यातच नव्हतं.

दुष्काळाबद्दल मला माहिती नव्हती असं नाही. वर्तमानपत्रात रोज वाचत होतो. इतकंच काय, कॉलेजात त्यावर निबंध लिहून बक्षीसही मिळवलं होतं.

शिवरीच्या आसपास रस्त्याकडेला दुष्काळी काम चालू होतं. पाच-पन्नास माणसं खडी फोडत बसली होती, त्यात बायकाच जास्त. (पुढे १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवर राज्यात पन्नास लाखांच्या घरात माणसं होती.) आमच्या घशाला कोरड पडलेली. एका म्हाताऱ्या बाईंपाशी घागर दिसली. पाणी मागितलं. त्यांनी काही न विचारता तांब्या भरून दिला. धाकट्याने दोन घोट घेतले आणि तांब्या माझ्याकडे दिला. मी पोटभर प्यालो, आणि उरलेलं पाणी सवयीने तोंडावर मारून बाकीचं मातीत ओतून दिलं.

घणांचे आवाज थांबले. निदान मला तरी तसं वाटलं. म्हातारी रागावली नाही. इतकंच म्हणाली, "लेकरा, पानी असं वतू नये. लांबून आणावं लागतंय."

मी काय करावं? खिशातून आठ आणे काढून पुढे केले. ते तिने घेतले नाहीत. त्याची आठवण झाली की अजून कान तापतात.

धाकटा एक शब्द बोलला नाही. त्याने कॅरिअरच्या पट्ट्या सोडल्या, ताडपत्री, काठ्या, स्टोव्ह रस्त्याकडेला उतरवलं. "आजी, विहीर कुठंशी?" विहीर दीडएक मैलावर होती. एक घागर कॅरिअरला बांधली, एक कळशी हँडलला अडकवली आणि हा गेला. पाणी घेऊन चालतच आला आणि पुन्हा गेला. अशा दोन खेपा.

मी बाभळीखाली सामान राखत बसलो. माझ्याकडेही सायकल होती. मी का उठलो नाही? लाज वाटत होती म्हणून. लाज वाटली की माणसाने उठून काहीतरी करावं. मी बसून राहिलो.

जेजुरीत पोचेपर्यंत अंधार पडला. गावाबाहेर तंबू ठोकला, खिचडी लावली, तेव्हाच ताडपत्री स्टोव्हला लागून तो डाग पडला. झोपताना धाकटा म्हणाला, "दादा, उद्यापासून ताडपत्री तू घे."

बस, एवढंच. म्हणजे वाटणीचं गणित त्याला पहिल्यापासून कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ताडपत्री मी घेतली, अगदी पंढरपूरपर्यंत.

पुढे तेहतीस वर्षं मास्तरकी केली. दुष्काळावरचा धडा शिकवताना कारणं शिकवली, परिणाम शिकवले. हा तांब्या मात्र कधी सांगितला नाही. आणि त्या पठ्ठ्यानेही उभ्या आयुष्यात कोणापुढे काढला नाही, अगदी आमची जोरात भांडणं झाली तेव्हासुद्धा.

असो. बरंच लांबलं. पुतणीला काल फोन करून सांगितलं, "ताडपत्री टाकू नकोस, मी न्यायला येतो. वाटणीत ती माझ्याकडेच आहे."

ती हसली. तिला वाटलं, काका गंमत करताहेत.