दिसावं, पण ऐकू येऊ नये

संपादकांनी मागितला होता 'आजच्या मुलांवरचे ताण' या विषयावरचा लेख, तोही कायद्याची कलमं आणि जड संज्ञा टाळून. ताणांवर दर दिवाळीला बरंच छापून येतं. मला लिहायचंय ते माझ्या खोलीच्या दाराबद्दल. आणि कलमंही येणार, त्याला इलाज नाही.

शाळेत समुपदेशकाला मिळते ती खोली बहुधा अडगळ हलवून रिकामी केलेली असते. माझ्याही एका खोलीत भूगोलाचे जुने नकाशे आणि स्नेहसंमेलनाचे मुकुट अजून आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. लहान वर्गातली मुलं मुकुटांकडे बघत बघतच बोलती होतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरचं प्रकरण उघडकीला आलं आणि शाळाशाळांत कॅमेऱ्यांची घाई सुरू झाली. "मॅडम, तुमच्या खोलीतही एक बसवून टाकू, आवाज येणारा," मुख्याध्यापक म्हणाले. मी नाही म्हटल्यावर ते जरा दुखावलेच. "बंद खोलीत एक मोठं माणूस आणि एक मूल. उद्या कुणी काही आरोप केला तर तुमच्याच कामी येईल."

मुद्दा खोटा नव्हता. शेवटी सुताराला बोलावून दारात काचेची उभी पट्टी बसवून घेतली आणि मुलाची खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवली. आता व्हरांड्यातून जाणाऱ्याला मी दिसते. मुलाचा चेहरा दिसत नाही आणि बोलणं ऐकू जात नाही. एवढीशी पट्टी, पण मला तिचा माझ्या पदवीपेक्षा जास्त अभिमान आहे.

कॅमेरा टळला, वही राहिली. नाव, इयत्ता, दिनांक आणि शेवटी 'भेटीचे कारण' असा रकाना. मी सगळ्यांपुढे 'वैयक्तिक' एवढंच लिहिते. मग मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका चहाचा कप पुढे करत विचारतात, "काय म्हणत होता हो आमचा हिरो?" त्यांना खरोखर काळजी असते. पण स्टाफरूममध्ये टाकलेला शब्द पुढच्या तासाला ड्रॉइंगच्या सरांपर्यंत पोचतो आणि शाळा सुटेतो खुद्द मुलापर्यंत. मग ते मूल तर येत नाहीच, त्याच्या पुढच्या-मागच्या बाकांवरचंही कुणी फिरकत नाही.

गोपनीयता संपूर्ण नसते, आणि हे पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. तू स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करशील असं वाटलं, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असला, किंवा लैंगिक अत्याचाराची गोष्ट असली, तर मला ती पुढे सांगावी लागेल; कुणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन. पहिल्या दोन अपवादांबद्दल माझ्या मनात किंतु नाही. जगणं नकोसं वाटतं का, हे मी मुलांना सरळ विचारते. विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो असं पालकांना आणि शिक्षकांनाही वाटतं. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरच्या, २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसं काही आढळलं नाही.

तिसऱ्या अपवादापाशी मात्र मी अडते. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ला लागू झाला. त्याच्या १९व्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळेल, किंवा घडेल अशी भीती वाटेल, त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवल्यास २१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. काका, शेजारी, क्लासचे सर असे आरोपी असतात तेव्हा या कलमाइतका मोठा आधार नाही. ते नसतं तर 'घरची अब्रू' म्हणून किती प्रकरणं दडपली गेली असती! पण हाच कायदा अठरा वर्षांखालच्या कुणाचीही संमती मानत नाही. पूर्वी ही मर्यादा सोळा होती. म्हणजे अकरावीतली दोघं आपखुशीने जवळ आली आणि त्यातल्या एकीने ते मला विश्वासाने सांगितलं, तर कायद्याच्या लेखी मी साक्षीदार झाले. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३च्या अहवालात ही वयोमर्यादा खाली आणू नये असाच सल्ला दिला. त्यांची कारणं मला समजतात. बालविवाह आणि मुलींची फसवणूक आपल्या जिल्ह्यांत अजून थांबलेली नाही. पण २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या प्रकरणात डॉक्टरांना एक वाट मोकळी करून दिली: मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. समुपदेशकाला अशी वाट नाही. असायला हवी, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात बोलते आणि आयोजक घड्याळ बघतात.

गेल्या सहामाहीच्या आधी नववीतली एक मुलगी आपणहून आली. बसायच्या आधीच तिने विचारलं, "हे आईला सांगणार का?" मी तिन्ही अपवाद सांगितले, नेहमीसारखे, सोप्या शब्दांत. तिने नीट ऐकून घेतलं. "मग काही नाही, मॅडम," म्हणाली आणि गेली. नंतर मी दोनदा निमित्त काढून तिच्या वर्गात गेले. ती हसली, बोलली नाही. तिला काय सांगायचं होतं, मला आजही माहीत नाही. न सांगता तिचं ऐकून घेणं म्हणजे तिला फसवणं झालं असतं. नियमाप्रमाणे मी बरोबर वागले. एवढ्याने समाधान होत नाही.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं बजावलं. त्यानंतर मला आलेले फोन ऐकण्यासारखे होते. "मॅडम, महिन्यातून एकदा आलात तरी चालेल, नाव द्या फक्त." काही शाळांना दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, यावर भाषण हवं असतं. काही शिक्षक तर बोलणाऱ्या पोराला "समुपदेशनाला पाठवीन हं!" असा दम देतात, आणि तोच मुलगा पुढे खरंच अडचणीत आला की माझ्या दारासमोरून मान खाली घालून निघून जातो. पालकांचं वेगळंच. "तुमचं ऐकेल तो, मोबाइल कमी कर म्हणावं." मी मोबाइलबद्दल अवाक्षर काढत नाही, तेव्हा त्यांना वाटतं, बाईंना काही येत नाही.

संस्थाचालकांना माझं मागणं फार नाही. दार लागणारी खोली द्या, दारात काच बसवा, आणि त्या वहीतला शेवटचा रकाना काढून टाका. पालकांना एवढंच, की मूल माझ्याकडे येऊन गेल्याचं कळलं, तर "मॅडमना काय सांगितलंस?" असं जेवताना विचारू नका. फारच राहवलं नाही तर मला फोन करा. मी तुम्हालाही सांगणार नाही, पण मुलावर ओरडण्यापेक्षा माझ्यावर ओरडलेलं बरं. आणि रात्री-बेरात्री गरज पडली तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो. तिथे मराठीत बोलता येतं.