नवे घर घेताना आपला माणूस

आपल्या समाजात आता घरे घेतली जात आहेत. बी.डी.डी. चाळीत, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये, डोंगर उतारावरच्या झोपडपट्टीत ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या, त्यांची मुले आज बदलापूर, टिटवाळा, आसनगाव, विरार, पनवेल या बाजूला नव्या इमारतीत घर शोधत आहेत. रविवारची वंदना आटोपली की विहारातूनच साईट पाहायला निघणारी कुटुंबे आम्ही पाहतो. मनाला आनंद होतो आणि थोडी काळजीही वाटते. ही मंडळी जेवणाचा डबा नेतात, लहान मुले नेतात, टोकनची रक्कमही पिशवीत नेतात. आपल्या बाजूने बोलणारा एक जाणता माणूस मात्र बरोबर नेत नाहीत.

जुने घर घेताना आपण एजंट गाठतो. नव्या इमारतीच्या बाबतीत मात्र सगळे म्हणतात, "बिल्डरचे ऑफिस समोर असताना एजंट कशाला? उगाच पैसे जातील." त्या ऑफिसात थंड पाणी मिळते, चहा मिळतो. टाय लावलेला मुलगा "काका, मावशी" म्हणत नमुन्याची खोली दाखवतो. तो वाईट नसतो. परंतु त्याचा पगार बिल्डर देतो. घर विकणे हे त्याचे काम आणि तो ते चोख करतो. गाडीत बसवून फुकट साईट दाखवणाऱ्या बाहेरच्या एजंटालाही बहुतेक वेळा बिल्डरच टक्केवारी देतो. कर्ज देणारी बँक कागद तपासते खरी, पण तिचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत की नाही ते पाहतो. म्हणजे एवढ्या माणसांच्या घोळक्यात आपल्या पैशांची काळजी करणारा एकही नसतो.

आमच्या घरात पालिकेच्या सफाई खात्याची नोकरी. राहायला नोकरीबरोबर मिळालेली खोली. अशा खोलीचे दुःख आपल्यातल्या हजारो कुटुंबांना ठाऊक आहे. झाडू खाली ठेवला की खोलीही सोडावी लागते. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आयुष्यात एकदाच हाती येतात. ते एकदा बुडाले की पुन्हा उभे राहायला वय उरत नाही. म्हणून 2023 साली घर पाहायला निघालो तेव्हा आम्ही उभयतांनी आधी ठरवले, की घर नंतर शोधू, आधी आपला माणूस शोधू.

अंबरनाथकडच्या एक एजंट बाई आम्हाला नात्यातल्या ओळखीने मिळाल्या. त्यांच्याकडे महारेराचा नोंदणी क्रमांक होता. स्थावर संपदा कायदा 2016 चा, आणि महाराष्ट्रात महारेराचे काम 2017 च्या मे महिन्यात सुरू झाले. नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकून देणाऱ्या एजंटालाही या कायद्याने नोंदणी सक्तीची केली आहे. बाईंशी आम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट बोललो. त्यांची फी 25 हजार रुपये, ती आम्ही देणार, आणि बिल्डरकडून त्या एक रुपयाही घेणार नाहीत. हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. करारनामा वाचायला वकील वेगळे, त्यांची फी 8 हजार.

बदलापूरला एका नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावरची खोली आम्हाला आवडली होती. हवा, उजेड, समोर डोंगर. ऑफिसात सांगितले, "550 फूट." बाईंनी विचारले, "कार्पेट किती?" उत्तर आले 372. आपल्या पायाखाली जी फरशी येते ती 372 फूट. बाकी जिना, लिफ्ट, भिंती यांचा हिशेब. कायद्याने घर कार्पेटवरच विकायचे असते, म्हणून बाईंनी दुसऱ्या इमारतींचे भावही कार्पेटवर मांडून आमच्या समोर ठेवले. तेव्हा स्वस्त वाटणारी एक इमारत महाग निघाली.

नंतर बाई नगरपालिकेत गेल्या. बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र पाहिले, तर मंजुरी चौथ्या मजल्यापर्यंतचीच होती. सहावा मजला कागदावर नव्हताच! "मंजुरी येणारच आहे," असे ऑफिसातून सांगण्यात आले. बाई म्हणाल्या, "आली की विका." आम्ही तिसऱ्या मजल्यावरची खोली पाहिली. डोंगर थोडा कमी दिसतो, पण खोली कागदावर आहे.

टोकन भरायच्या वेळी आमच्याकडे शेकडा 25 मागितले. करारनामा नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या शेकडा 10 पेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, असे नवा कायदा सांगतो. आम्ही तेवढेच भरले. मसुद्यात उघड्या जागेतल्या पार्किंगचे वेगळे पैसे लावले होते. उघडे पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. वकिलांनी ते कलम काढायला लावले. माहितीपत्रकातली ताब्याची तारीख आणि महारेराच्या संकेतस्थळावरची तारीख यांत वर्षाचा फरक होता. वकिलांनी लवकरची तारीख करारनाम्यात लिहून घेतली. ठरल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर व्याज मागायचे, किंवा सौदा सोडून व्याजासह पैसे परत मागायचे. हा हक्क त्या लिहिलेल्या तारखेवर उभा असतो.

आता त्या ऑफिसातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नाव विचारून झाले, मग आडनाव, मग "मूळ गाव कुठले?" हे प्रश्न कुठे जातात ते आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. लगेच तो मुलगा म्हणाला, "समोरच्या विंगमध्ये सगळे एका प्रकारचे लोक आहेत, तुम्हाला मागची विंग बरी पडेल." आम्ही काही बोलण्याआधीच बाईंनी शांतपणे सांगितले, "ही खोली विकायला आहे असे तुमच्याच कागदावर आहे. यांना देणार नसाल तर कारण लिहून सही करा." कुणी सही केली नाही. खोली मिळाली, समोरच्याच विंगमध्ये.

बाबासाहेब 1917 साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही. पारशी नाव धारण करून पारशांच्या विश्रामगृहात राहावे लागले, आणि जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. एवढा विद्वान माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या बाजूने बोलायला कुणी उभे राहिले नाही. आज आपल्या हाती संविधान आहे. आपले खरे नाव सांगूनच आपण घर घेतले पाहिजे. ते सांगताना शेजारी कायदा जाणणारा माणूस असला की समोरच्याची भाषा बदलते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

कुणी म्हणेल, महारेराचा क्रमांक पाहिला की झाले. तसे नाही. कल्याण-डोंबिवलीत पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले गेले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा 65 इमारती पाडण्याचा आदेश दिला. तिथल्या कित्येक कुटुंबांनी बँकेची कर्जे काढून घरे घेतली होती. क्रमांक पाहावाच, पण त्यापुढे कुणीतरी पालिकेत जाऊन मूळ परवानगी पाहिली पाहिजे. सातबारा पाहिला पाहिजे. ताबा घेण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र मागितले पाहिजे. दिवसभर मोलमजुरी करणाऱ्या माणसाला हे फेरे कसे जमणार? म्हणून तर आपला माणूस हवा.

यात एक सावधगिरी आहे. जयभीम म्हणणारा प्रत्येक एजंट आपला एजंट असतोच असे नाही. आपल्या वस्तीतली तरुण मुले या धंद्यात आली आहेत, याचा अभिमान आहे. पण "आपला पोरगा आहे" एवढ्यावर जन्माची कमाई सोपवू नये. त्याला प्रेमाने तीन प्रश्न विचारावेत. तुझा महारेराचा क्रमांक कोणता? तुला पैसे कोण देणार, आम्ही की बिल्डर? बिल्डर देणार असेल तर किती, ते लिहून देशील का? प्रामाणिक मुलगा या प्रश्नांनी रागावणार नाही. सम्यक आजीविका त्यालाही शिकवलेली आहे. बिल्डरकडूनच त्याला पैसे मिळणार असतील तर घर त्याच्याकडून पाहावे, पण कागद आपण फी दिलेल्या वकिलाकडूनच वाचून घ्यावेत.

फीचे पैसे जड वाटतात, आम्हालाही वाटले. पण हिशेब पाहा. घर 24 लाखांचे. फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतले तर महाराष्ट्रात एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. हे बाईंनीच सांगितले. घर आमच्यातल्या बाईमाणसाच्या नावावर झाले आणि 24 हजार रुपये तिथेच वाचले. स्त्रीला मालमत्तेचा हक्क मिळावा यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले, आणि ते रखडले हे 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. त्यांच्या अनुयायांच्या दारावर स्त्रीचे नाव लागावे, यात पैशाच्या बचतीहून मोठे समाधान आहे.

आपण रोजच्या वंदनेत धम्माचा गुण म्हणून "एहिपस्सिको" म्हणतो. या आणि पाहा, पारखून घ्या. भगवान बुद्धांनी स्वतःच्या शिकवणीलाही ही कसोटी लावायला सांगितले. मग बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकाला ती का लावू नये? या रविवारी साईटवर जाणाऱ्या बंधू-भगिनींना आमची एवढीच विनंती आहे. पहिल्या भेटीत टोकनचे पैसे घरीच ठेवा, त्या जागी आपला माणूस न्या, आणि तो कागद पाहून "हो" म्हणेपर्यंत कुठेही सही करू नका.