पंक्तिप्रपंच

प्रथमच दारीं आलेल्या गृहस्थास आपण ओसरीवर बसवितों, गूळपाणी पुढें करितों, हातपाय धुण्याची जागा दाखवितों. नेहमीच्या सोयऱ्यास यांतलें कांहींच सांगावें लागत नाहीं. तो वहाणा काढून सरळ माजघरांत येतो आणि ‘वहिनी, चहा टाका’ म्हणतो. दोघांच्या स्वागतांत फरक असतो, पण त्याचें वाईट कोणास वाटत नाहीं. मात्र एकाच पंक्तीस बसलेल्या दोघांपैकीं एकाच्या भातावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या भातावर दोन थेंब पडले, तर तो पंक्तिप्रपंच होय, आणि ज्या घरीं तो होतो त्या घरचें अन्न गोड लागत नाहीं.

हा जुना विवेक संगणकावरील संकेतस्थळांसही लावून पाहण्याची वेळ आली आहे. नव्यानें येणाऱ्यास एक मजकूर व पुन्हा येणाऱ्यास दुसरा दाखविण्याची सोय आज पुष्कळ संकेतस्थळांवर असते. ती कशी साधते, हें प्रथम पाहूं.

वस्तुतः संकेतस्थळास स्मरणशक्ति नसते. ज्या एचटीटीपी नांवाच्या नियमांनीं पानें मागविलीं व पाठविलीं जातात, त्यांत प्रत्येक मागणी स्वतंत्र धरिली आहे. शापामुळें शकुंतलेस विसरलेल्या दुष्यंतासारखीच ही स्थिति. क्षणापूर्वीं येऊन गेलेला मनुष्यही त्यास अनोळखी. हें वैगुण्य दूर करण्यासाठीं १९९४ सालीं नेटस्केप कंपनीच्या लू माँतुली या अभियंत्यानें ‘कुकी’ची युक्ति काढिली. पहिल्या भेटींत संकेतस्थळ मजकुराची एक लहानशी चिठ्ठी, बहुधा नुसता एक खूणक्रमांक, पाहुण्याच्या ब्राउझरच्या हवालीं करितें. पुढील प्रत्येक भेटीस ब्राउझर ती आपण होऊन पुढें करितो. कालिदासाच्या नाटकांतील अंगठीचेंच हें काम. या युक्तीचा पहिला उपयोगही नेटस्केपच्या संकेतस्थळावर आलेला मनुष्य पूर्वीं येऊन गेला आहे काय, हें जाणण्यासाठींच झाला. अंगठी हरवली कीं ओळखही हरवते. चिठ्ठी पुसली, किंवा दुसऱ्या यंत्रावरून गेलें, कीं जुना सोयराही पुन्हा परका ठरतो.

या ओळखीचा सदुपयोग पुष्कळ आहे. आम्ही अडतीस वर्षें वर्गावर उभे राहिलों. नव्या विद्यार्थ्यास संधीचे नियम आरंभापासून सांगावयाचे, आणि जुन्यास ‘काल कोणत्या श्लोकावर थांबलों होतों?’ एवढेंच विचारावयाचें, हें प्रत्येक शिक्षक जाणतो. दोघांसही एकच धडा दिला तर एक गोंधळेल आणि दुसरा जांभया देईल. तसेंच संकेतस्थळानें नव्या वाचकास हें स्थळ कशाचें आहे व आरंभ कोठून करावा तें सांगावें. जुन्यास मागील भेटीनंतर नवें काय आलें तें दाखवावें. एकदां निवडलेली मराठी भाषा व मोठें केलेलें अक्षर पुन्हा पुन्हा निवडावयास लावूं नये. आमच्यासारख्या चष्मेवाल्यांस यांत मोठेंच सुख आहे.

परंतु ओळखीचा उपयोग वाढण्यांत भेद करण्यासाठींही होऊं शकतो. २००० सालीं अमेरिकेंतील अ‍ॅमेझॉनच्या दुकानांत एकाच डीव्हीडीची किंमत निरनिराळ्या गिऱ्हाइकांस निरनिराळी दिसत असल्याचें उघडकीस आलें. आपल्या यंत्रावरील कुकी पुसतांच किंमत उतरली, असें एका गिऱ्हाइकानें सांगितलें, आणि जुन्या गिऱ्हाइकांस नाडतात असा बोभाटा झाला. किंमती माणूस पाहून नव्हे तर यदृच्छेनें बदलल्या होत्या, असें कंपनीनें सांगितलें; तरी जास्तीचे पैसे तिला परत करावे लागले. याउलट ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या पत्रानें मार्च २०११ मध्यें महिन्यास वीस लेख फुकट व पुढें वर्गणी, असा नियम केला. येथेंही वरचेवर येणाऱ्यावरच भार पडतो. पण नियम जाहीर होता, म्हणून त्यास लबाडी म्हणतां येत नाहीं.

एकत्र कुटुंबांत याहून नाजूक प्रसंग येतो, कारण कुकी यंत्रास ओळखते, माणसास नव्हे. आमच्या धाकट्या बंधूंस कंपवात जडल्याचें वैद्यांनीं सांगितलें होतें. मुलीच्या लग्नाचीं बोलणीं चाललीं होतीं, म्हणून त्यांनीं तें घरांत कोणासही कळविलें नव्हतें. औषधें मात्र ते घरच्या संगणकावरून मागवीत. एके दिवशीं भावजय नातवासाठीं तेल मागविण्यास त्याच दुकानाच्या पानावर गेल्या, तों वरच मोठ्या अक्षरांत स्वागत झळकलें आणि त्याखालीं कंपवाताचीं औषधें. त्या उठून स्वयंपाकघरांत गेल्या. कोणास कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवसापासून बंधूंच्या पुढें चहाचा पेला अर्धाच भरून येऊं लागला, तेव्हां त्यांस कळलें कीं हिला कळलें आहे. जें पतीनें स्वमुखें सांगावयाचें, तें दुकानानें सांगितलें. दुकानदाराचा हेतु वाईट नसेल. पण ओळख देणें आणि ओळख चव्हाट्यावर मांडणें यांत अंतर आहे.

युरोपीय संघानें २००९ सालीं आपला नियम सुधारून, आवश्यक नसलेली कुकी ठेवण्यापूर्वीं पाहुण्याची संमति घ्यावी, असें ठरविलें. आपल्या देशांतही व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं कायदा झाला. कायद्यानें संमतीचा प्रश्न सुटेल. सुजनता मात्र संकेतस्थळ चालविणाऱ्यानेंच पाळावयाची असते. तिची कसोटी आम्हांस सोपी वाटते. जो भेद नव्याजुन्या दोन्ही पाहुण्यांस शेजारीं बसवून सांगतां येईल, तो पाहुणचार. जो झांकावा लागेल, तो पंक्तिप्रपंच. घराघरांत एकच यंत्र दहा हातांत फिरत असतें. म्हणून घरच्यांनीं आपापलीं खातीं निराळीं ठेवावीं, आणि दुकानदारांनीं दुखण्यांची आठवण दर्शनीं पानावर काढूं नये.

आणखी एक. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची फोड प्रसिद्ध आहे. त्यास नांवगांव विचारण्यापूर्वीं पाणी द्यावें, ही आपली रीत. चिठ्ठी घेण्यास नको म्हणणारा पाहुणाही अतिथिच होय. त्यास ओळख नसली तरी तांब्याभर पाणी मिळालेंच पाहिजे.