माळावरची हुलकावणी

दिसायला ती अगदी साधी आहे. वाळलेलं गवत, मागे एखादी बाभळ, खाली माना घालून चरणारी मेंढरं, खांद्यावर घोंगडी टाकलेला धनगर आणि त्यांच्याच मागे, थोडं अंतर राखून चाललेला लांडगा. बस्स, एवढीच ती फ्रेम. पुणे जिल्ह्यात निरवांगीचा नीरेकाठ सोडून कडबनवाडीच्या माळाकडे निघालात, तर यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी भेटेल. सगळ्या मिळून एका चौकटीत येणं मात्र तिच्या मर्जीवर. भल्याभल्या फोटोवाल्यांना तिने हात हलवत परत पाठवलं आहे.

तिच्या शेजारणी इतक्या मानी नाहीत. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचा थवा उठायचा असेल, तर नाव कुठे उभी करायची हे नावाड्याला ठाऊक असतं. बेलवडीच्या गोल रिंगणात तुकोबांच्या पालखीचे अश्व धावतात, तेव्हा चारही पाय हवेत असलेला घोडा हवा असतो. त्यासाठी सकाळपासून जागा धरायची, शटर १/२००० वर ठेवायचं आणि शेजाऱ्याचं कोपर सोसायचं. तिथे निदान दिवस ठरलेला, मैदान ठरलेलं. हिला ना तिथी, ना ठिकाण.

शिवाय अडवणूक करण्यात पटाईत. लांडगा फिरणार तांबडं फुटताना नाहीतर दिवस मावळताना, म्हणजे नेमका उजेड नसताना. आयएसओ वाढवला की चित्रात दाणे उतरतात. गडी अंगाने गवताच्याच रंगाचा, त्यामुळे ऑटोफोकस त्याला सोडून पुढच्या काडीला धरून बसतो. सहाशे मिलिमीटरची लेन्स लावली, तर लांडग्याच्या मिशा मोजता येतात, पण धनगर बाहेर राहतो. रुंद लेन्स लावली, तर धनगर, कळप, आभाळ सगळं मावतं आणि लांडगा मातीच्या ढेकळाएवढा होतो.

आणि समजा जमलंच सगळं, तरी तिचं आयुष्य दोन श्वासांचं. आधी कुत्र्याचे कान उभे राहतात. मग मेंढरं एकमेकांत शिरून गोळा होतात. धनगर काठी उचलून आरोळी ठोकतो आणि धावत सुटतो. फोटोसाठी थांबायला त्याला सवड नसते, त्याचं जित्राब पणाला लागलेलं असतं. आपण डोळा कॅमेऱ्याला लावेपर्यंत समोर नुसता फुफाटा.

नुसत्या लांडग्याचे सुंदर फोटो आता पुष्कळ निघतात. तरी लोक हिच्याच मागे का? कारण ती साक्षीदार आहे. माणूस, त्याची मेंढरं आणि त्यांच्यावर टपलेला लांडगा पिढ्यान्‌पिढ्या एकाच माळावर नांदतात, हे ती एका नजरेत सांगते.

साक्षीदार म्हटला की त्याला फोडणारेही आलेच. २००९ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या जागतिक स्पर्धेत स्पॅनिश छायाचित्रकार होसे लुईस रोद्रिगेस यांचा फोटो पहिला आला. रात्रीच्या अंधारात फाटकावरून उडी घेणारा लांडगा! पुढे परीक्षकांनी निष्कर्ष काढला, की तो बहुधा शिकवलेला, माणसाळलेला लांडगा होता. रोद्रिगेस यांनी आरोप नाकारला, पण २०१० च्या जानेवारीत बक्षीस रद्द झालं. चित्रातली रेघसुद्धा बदलली नव्हती. उडी तीच, उजेड तोच. तरी लांडगा रानातला नसेल, तर त्या फोटोला सांगण्यासारखं काही उरत नव्हतं.

आपल्या माळावर हिला फूस लावायचे मार्ग वेगळे. मांस टाकून बोलावणं, गाडी गवतात घालून वाट अडवणं, हिवाळ्यात पिल्लं असताना बिळाच्या तोंडाशी ठाण मांडणं. त्रास झाला की मादी पिल्लं तोंडात धरून जागा बदलते. त्यात भटक्या कुत्र्यांचा धोका वेगळाच. पुण्याच्या परिसरात लांडगा-कुत्रा संकर होत असल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. फोटोसाठी टाकलेल्या मांसावर आधी कोण धावून येणार, हे सांगायला नको. भारतात उरलेल्या लांडग्यांचा अंदाज आहे जेमतेम तीन हजारांचा. वन्यजीव कायद्यात त्याला वाघाच्या पंक्तीला, अनुसूची एकमध्ये बसवलं आहे. पण कागदावरच्या पंगतीने माळावरचा लांडगा वाचत नाही.

तेव्हा कॅमेरा घेऊन या भागात येणार असाल, तर वनविभागाची परवानगी काढा, गावातला वाटाड्या बरोबर घ्या, गाडी रुळलेल्या वाटेवरच ठेवा आणि बीळ दिसलं तर त्याचा ठावठिकाणा कुणाला सांगू नका. धनगराचा फोटो घ्यायच्या आधी त्याला विचारा. एवढं करूनही ती भेटली नाही, तर कार्ड रिकामं घेऊन घरी जा. बोलावून आणलेली असेल, तर ती ती नव्हेच.