शिरांचे दप्तर

क्रेन फ्लायचे दोऱ्यासारखे लांब पाय चिमट्याच्या पहिल्याच स्पर्शाने गळून पडतात. तेव्हा पायांचा मोह सोडून प्रथम पंखाकडे वळावे, हा माझा जुना परिपाठ. पावसाळ्यात नागपूरच्या अंबाझरीकडच्या ओलीतून उठून धरमपेठेतल्या दिव्यांशी येणारा हा निरुपद्रवी जीव घरोघर थोराड डास समजून मारला जातो, आणि मी मात्र त्याची वाट पाहत बसतो. पंख मुळाशी धरून अलगद सोडवावा, अल्कोहोलात भिजवून काचपट्टीवर घ्यावा, वरची पातळ काच तिरपी टेकवीत बुडबुडे हुसकावावेत. एवढे साधले की सूक्ष्मदर्शकाखाली पंखाच्या मागील भागातील दोन शिरा थेट कडेला भिडलेल्या दिसतात. डासाच्या पंखात तशी एकच शीर असते.

हे शिरांचे जाळे म्हणजे या घराण्याचे वतनी दप्तरच. देह कुजला तरी पंखाचा ठसा खडकात टिकू शकतो, आणि फ्रान्समधील व्होज पर्वताच्या वालुकाश्मात मिळालेल्या, सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीच्या ‘आर्किलिमोनिया’चे या वंशाशी असलेले नाते अशाच ठशांवरून जुळविले गेले. मात्र एखादी शीर दोन शाखांत स्वतंत्रपणेही लोपू शकते, म्हणून केवळ समान उणिवेवरून सोयरीक मांडणे धोक्याचे. अमेरिकेतील चार्ल्स अलेक्झांडर यांनी अकरा हजारांहून अधिक जाती एकट्याने वर्णिल्या, तरी वंशावळीचा तंटा मिटला नाही. लिमोनिइडी हे क्रेन फ्लायचे अवाढव्य कुल एका मूळपुरुषाची संपूर्ण संतती नसून सोयीखातर बांधलेली मोट आहे, असे अलीकडचे अभ्यासक म्हणतात, आणि मलाही ते पटते.

आमच्या नागपुराची कैफियत निराळी. लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये साचलेल्या टाकळीच्या सरोवरी गाळातून हिस्लॉप व हंटर या मिशनऱ्यांनी जमविलेले जे कीटकावशेष अँड्र्यू मरे यांनी 1860 मध्ये वर्णिले, ते प्रामुख्याने भुंगेऱ्यांचे कठीण पृष्ठपंख होत. तेवढ्यावरून त्या सरोवराकाठी नाजूक माश्या नव्हत्याच, असा निवाडा देणे मला मंजूर नाही. कठीण ते टिकले, एवढेच त्यातून सिद्ध होते. सबब टाकळीच्या बाजूस विहीर किंवा पाया खणताना शंखांचे ठसे असलेला गाळाचा दगड कोणास मिळाल्यास तो भरावात लोटू नये. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची कचेरी आहे, तेथे दाखवावा.