उंबर राहू दे

ती. ताईस,


तुझं पत्र पोचलं. विहिरीकडच्या उंबराखाली सडा पडतो, माशा घोंगावतात, फळ फोडावं तर आत किडे, म्हणून भावोजी झाड तोडायचं म्हणताहेत. दत्ताचं झाड, म्हणून तुझा हात अडतोय. मी दत्ताची नाही, त्या किड्यांची वकिली करणार आहे.

उंबराला फूल येत नाही असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात शेकडो फुलं फळाच्या पोटातच असतात, आत तोंड करून. तिथे ना वारा पोचतो, ना मधमाशी. पोचते ती गांधीलमाशीच्या गोतातली, चिलटाएवढी एक मादी. कोवळ्या फळाच्या टोकाला खवल्यांनी झाकलेलं बारीक भोक असतं. त्यातून अंग रेटत शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, अंगावरचा पराग फुलांना लावते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीत आधी जागे होतात ते नर. त्यांना पंखच नसतात. माद्यांशी जुगायचं, त्यांच्यासाठी फळाच्या भिंतीला बोगदा पाडायचा, की त्यांचं आयुष्य संपलं. माद्या पराग घेऊन उडतात. हाती दिवस-दोन दिवस. तेवढ्यात नेमक्या वयाची फळं असलेला दुसरा उंबर गाठायचा.

यात त्याग वगैरे कुणी करत नाही. किड्याला पोरांची सोय हवी, झाडाला बी. फुकटेही आहेतच: काही जाती बाहेरूनच लांब नळी खुपसून अंडी घालतात, परागाचं काम करत नाहीत. तरी वड-पिंपळ-उंबरांचं या किड्यांशी असलेलं साटंलोटं सात-आठ कोटी वर्षांचं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सह्याद्रीचा काळा दगडसुद्धा साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा.

उत्क्रांती म्हणजे ‘बळी तो कान पिळी’, असंच आपल्या डोक्यात बसलंय. ‘लायक तोच तगतो’ हा शब्दप्रयोग मुळात हर्बर्ट स्पेन्सरचा, 1864 सालचा. डार्विनने तो 1859च्या आपल्या ग्रंथात घेतला 1869च्या पाचव्या आवृत्तीत. त्यातला लायक म्हणजे बलदंड नव्हे. एवढा थोरला उंबर, पण त्या चिलटावाचून त्याला एक बी धरत नाही.

निवृत्त झाल्यापासून आपण काय मिळवलं, हा हिशेब माझ्या डोक्यात सारखा चालायचा. आता तो प्रश्नच फाजील वाटतो. ज्याने बोगदा पाडला त्या नराच्या वाट्याला आकाश नाही. माद्या उडाल्या, इतकंच. आपली आई गावाबाहेर फारशी पडली नाही. आपण दोघं शिकून बाहेर पडलो ते कुणी पाडलेल्या वाटेने, हे तुला सांगायला नको.

या किड्यांचा वंश टिकायचा तर परिसरात कुठल्या ना कुठल्या उंबरावर सतत फळ हवं. म्हणून एक झाड तोडणं म्हणजे एकच झाड तोडणं नव्हे. शिवाय तांबट, कोकीळ, वटवाघळं सगळी त्याच फळांवर येतात आणि बी लांबवर नेऊन टाकतात.

तेव्हा सडा झाडून माडांच्या आळ्यात टाक, चांगलं खत होईल. विहिरीवर आलेली फांदी हवी तर उतरवा. बुंध्याला मात्र कुऱ्हाड लावू नका, एवढं भावोजींना माझ्या नावाने सांग.

तुझा,
धाकटा